ऑफसेटचा हिशेब: नवीन रिम घेण्यापूर्वी

अलॉय रिम घ्यायला दुकानात गेले की पहिली चर्चा रंगाची होते, दुसरी इंचांची आणि तिसरी किमतीची. रिमच्या पाठीमागे, आऱ्यांच्या मुळाशी ‘ईटी ४५’ किंवा ‘ईटी ३८’ असा एक छोटा आकडा उमटवलेला असतो. त्याच्याकडे बहुधा कोणी पाहत नाही आणि घाटातल्या वळणावर टायर मडगार्डला घासू लागले की मगच त्याची आठवण होते. हा आकडा म्हणजे रिमचा ऑफसेट. तो समजून घेण्यास अर्धा तास लागतो आणि मोजमाप करण्यास एक रविवार पुरतो.

रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य काढला आणि हबला (चाक ज्यावर बोल्टने बसते त्या गाडीच्या भागाला) टेकणारी रिमची बैठक त्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे हे मोजले, की ऑफसेट मिळतो. बैठक मध्यापासून बाहेर, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आत, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला असेल तर ऋण. आणि बरोबर मध्यावर असेल तर शून्य. ‘ईटी’ ही अक्षरे ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाची असून त्याचा अर्थ चाकाची मधली चकती रिममध्ये किती खोल दाबून बसवली आहे, असा होतो. आजच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींचा ऑफसेट चांगलाच धन असतो, आणि म्हणूनच त्यांच्या रिमचा दर्शनी भाग सपाट दिसतो व खोलगटपणा मागच्या बाजूला असतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की ईटीचा आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकते आणि वाढला की आत शिरते.

मात्र नुसता ऑफसेट पाहून काहीच ठरत नाही, आणि बहुतेकांची चूक नेमकी येथे होते. ‘मूळ ईटी ४५ होता, नवाही ४५ आहे, मग घासेल कशाला?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. रिम रुंद झाली की वाढलेली रुंदी मध्याच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी वाटली जाते, त्यामुळे ऑफसेट तोच ठेवूनही चाकाची आतली कड स्ट्रटच्या, म्हणजे चाकामागच्या शॉक अॅब्सॉर्बरच्या उभ्या नळीच्या जवळ जाते आणि बाहेरची कड मडगार्डच्या जवळ येते. म्हणून हिशेब नेहमी दोन आकड्यांचा एकत्र करावा लागतो. बाहेरची कड किती सरकेल हे काढण्यासाठी वाढलेल्या रुंदीच्या निम्म्यात ऑफसेटमध्ये झालेली घट मिळवावी. आतली कड किती सरकेल हे काढण्यासाठी त्याच निम्म्यातून ती घट वजा करावी. रुंदी इंचांत लिहिलेली असते, तेव्हा १ इंच म्हणजे २५.४ मिमी हे रूपांतर आधी करून घ्यावे.

उदाहरणादाखल एक छोटी मोटार घेऊ. तिची मूळ रिम १५ इंची, ५.५जे (म्हणजे ५.५ इंच; ‘जे’ हा कडेच्या आकाराचा प्रकार) रुंदीची आणि ईटी ४५ची असून तिच्यावर १८५/६५ आर १५ टायर (१८५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ इंची रिमसाठी) आहेत असे समजू. दुकानात तिला १६ इंची, ७जे, ईटी ३८ची रिम सुचवली गेली. रुंदी १.५ इंचाने, म्हणजे ३८ मिमीने वाढली. त्याचे निम्मे १९. ऑफसेट ७ने घटला. म्हणजे बाहेरची कड २६ मिमी बाहेर येणार आणि आतली कड १२ मिमी आत जाणार. हे आकडे चांगले की वाईट, हे कोणताही तक्ता सांगू शकत नाही. ते आपल्या गाडीत किती मोकळी जागा आहे यावर ठरते, आणि ती जागा स्वतः मोजावी लागते.

मोजण्यासाठी गाडी सपाट जागेवर उभी करावी आणि टायरमध्ये दारावरच्या पट्टीत लिहिल्याइतकीच हवा असावी. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या काठावरून एक ओळंबा सोडावा, आणि दोरी टायरच्या सर्वांत फुगीर भागापासून किती दूर राहते हे पट्टीने टिपून घ्यावे. आतल्या बाजूला स्ट्रटची नळी आणि स्प्रिंगची खालची वाटी, या दोहोंपैकी टायरला जे जवळ असेल तिथपर्यंतचे अंतर घ्यावे. पुढची चाके डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून ब्रेकचा होज, स्टीअरिंगचा आडवा दांडा व मडगार्डच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर यांच्यापासूनची अंतरेही टिपावीत. मागच्या चाकांकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. परंतु पाच माणसे आणि डिकीत सामान असे ओझे पडले की मागचा भाग कितीतरी खाली बसतो आणि मडगार्डची आत दुमडलेली कड थेट टायरवर येते. म्हणून शेजारच्या चार जणांना चहाचे आमिष दाखवून गाडीत बसवावे व मागचे मोजमाप तसे भरल्या गाडीचेच घ्यावे. पुढचे एक चाक फुटपाथच्या कडेवर चढवून स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले, तर खड्ड्याच्या कडेवर आपटून वर दबलेल्या चाकाची स्थितीही बरीचशी कळते.

समजा या मोजणीत आत १६ मिमी आणि बाहेर २२ मिमी जागा निघाली. ती सगळी वापरायची नसते. आपल्याकडचे स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता मी आत किमान ६ आणि बाहेर किमान १० मिमी राखून ठेवतो. मग वापरण्याजोगी जागा उरते आत १० आणि बाहेर १२, एकूण २२ मिमी. सात इंची रिमने रुंदी ३८ मिमी वाढते. ऑफसेट कोणताही घेतला तरी ती या २२ मिमीत मावणार नाही. साडेसहा इंचीने रुंदी २५.४ मिमी वाढते. तीही मावत नाही. सहा इंचीने मात्र १२.७ मिमीच वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंना ६.३५. तेव्हा बाहेर आणखी ५.६५ मिमी आणि आत आणखी ३.६५ मिमी सरकण्याची मुभा उरते, आणि त्यावरून चालणारा ऑफसेट थेट मिळतो: ईटी ४० ते ४८. दुकानात जाताना खिशात न्यायची ती हीच चिठ्ठी: ६जे, ईटी ४० ते ४८. उलट क्रमाने, म्हणजे आधी रिम आवडून मग तिला गाडीत बसवण्याची खटपट करणे, यात पैसे आणि मडगार्ड दोन्ही जातात.

टायर बदलणार असेल तर टायरच्या फुगीचाही हिशेब करावा. १८५ वरून १९५ वर गेल्यास प्रत्येक बाजूला साधारण ५ मिमी वाढतात, आणि अर्धा इंच जास्त रुंद रिमवर चढवलेला तोच टायर सुमारे ५ मिमीने अधिक रुंद होतो. रिमची कड आणि टायरची फुगी यांपैकी जे जास्त सरकते ते धरावे. एकूण व्यास मूळच्या जवळ राहायला हवा. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिमी आणि १९५/५५ आर १६ चा ६२०.९ मिमी भरतो, त्यामुळे ही जोडी वेगदर्शकालाही गोंधळात टाकत नाही.

चाक बाहेर काढलेली गाडी रुबाबदार दिसते, हे मान्य. पण बाहेर काढण्याची किंमत डोळ्यांना दिसत नाही. गाडीचे वजन चाकाच्या मध्यरेषेतून बेअरिंगवर येते आणि ती रेषा बेअरिंगच्या जवळून जावी अशीच मूळ रचना असते. रेषा २५-३० मिमी बाहेर गेली की बेअरिंगवर सतत मुरड पडत राहते आणि ते लवकर आवाज करू लागते. पाच-सात मिमीच्या फरकाने मात्र आकाश कोसळत नाही, कारण वळणावर बेअरिंगवर येणारा ताण त्याहून पुष्कळ मोठा असतो आणि ते त्यासाठीच बनवलेले असते.

दुसरा परिणाम स्टीअरिंगवर होतो आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत मिळतो. तो बिंदू आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांच्यातील अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. अक्षाचा बिंदू टायरच्या मध्यापलीकडे, बाहेर पडला तर हे अंतर ऋण धरले जाते. १९७२ सालच्या ऑडी ८० मध्ये ते मुद्दाम ऋण ठेवले होते, कारण तिचे ब्रेक कर्णरेषेत दोन भागांत विभागलेले होते आणि एक भाग निकामी झाला तरी गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये, असा त्यामागचा विचार होता. पुढे ही रचना पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांनी स्वीकारली. आपण ईटी घटवून चाक बाहेर काढतो तेव्हा हाच समतोल बिघडतो. मग एक चाक खड्ड्यात आपटले की स्टीअरिंग हाताला झटका देते, आणि एका बाजूला वाळू व दुसऱ्या बाजूला डांबर असताना ब्रेक मारला की गाडी ओढ घेते. शिवाय पावसाळ्यात दारांवर उडणारा चिखल आणि खडी आहेच.

ऑफसेट जुळला तरी रिम ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला) लागू शकते, कारण ते आऱ्यांच्या आकारावर अवलंबून असते आणि तो आकार ईटीच्या आकड्यात येत नाही. यासाठी एक घरगुती युक्ती उपयोगी पडते. कणकेची छोटी गोळी कॅलिपरच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावर चिकटवावी, टायर न चढवलेली रिम हाताने बसवून दोन नट टेकेपर्यंत फिरवावेत आणि रिम काढून चपटी झालेली कणीक मोजावी. तीन मिमीहून कमी उरली तर ती रिम परत करावी.

जुन्या रिम घेणाऱ्यांनी उमटवलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्वतः मोजावे. रिम पालथी घालून मागच्या दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून बैठकीपर्यंतची खोली मोजावी. या खोलीतून रिमच्या एकूण बाहेरच्या रुंदीचे निम्मे वजा केले की ऑफसेट निघतो. येथे सावध राहावे: ‘६.५जे’ ही टायर बसण्याच्या जागेची रुंदी असते, आणि कडा धरून एकूण रुंदी साधारण एक इंचाने जास्त, म्हणजे १९० मिमीच्या आसपास भरते. खोली १३३ मिमी असेल तर १३३ वजा ९५, म्हणजे ईटी ३८. माझ्या जुन्या गाडीसाठी एका दुकानातून आणलेल्या रिमवर ईटी ३८ स्पष्ट कोरलेले होते, पण घरी मोजल्यावर तो ४३ निघाला. कोणीतरी बैठक लेथवर ५ मिमी उतरवली होती, आणि धातू नेमका जेथे सर्वांत जाड हवा तेथेच पातळ झाला होता. ती रिम मी वापरली नाही.

चुकलेला ऑफसेट स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये बसवायची चकती) घालून सुधारता येतो, हे अर्धसत्य आहे. पाच मिमीचा स्पेसर ईटी ४५ला ४० करतो खरा. पण तेवढीच स्टडची, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या हबच्या बोल्टची लांबी खातो. नट किमान स्टडच्या व्यासाइतका खोल चढला पाहिजे. १२ मिमी जाडीच्या आणि १.५ मिमी आट्याच्या (एका फेऱ्यात नट १.५ मिमी पुढे जातो अशा) स्टडवर म्हणजे पूर्ण आठ फेरे, आणि मारुती सुझुकीच्या गाड्यांवर असतो त्या १.२५ आट्याच्या स्टडवर जवळपास दहा. फेरे कमी पडत असतील तर स्पेसर विसरावा. आत जाणारे चाक बाहेर आणता येते, पण बाहेर आलेले चाक स्पेसरने आत नेता येत नाही, हेही खरेदीच्या वेळी ध्यानात असावे.

पीसीडी (नटांची भोके किती आणि ती ज्या वर्तुळावर आहेत त्याचा मिमीतला व्यास) आणि मधल्या भोकाचा व्यास हे वेगळे विषय आहेत, तरी त्यांच्याशिवाय ऑफसेटचा हिशेब व्यर्थ ठरतो. स्विफ्ट आणि आय२० यांचा पीसीडी ४ गुणिले १०० आणि मधले भोक ५४.१ मिमी असते. होंडा सिटीचा पीसीडी तोच, पण भोक ५६.१, क्रेटाचा पीसीडी ५ गुणिले ११४.३ आणि भोक ६७.१. बाजारातील रिमचे भोक बहुधा मोठे असते, म्हणून हब आणि भोक यांच्यातली फट भरणारी योग्य मापाची हब रिंग घालावी. नाहीतर ८०-९०च्या वेगात स्टीअरिंग थरथरते आणि दोष विनाकारण बॅलन्सिंगवर जातो. भोके लांबट करून पीसीडी जुळवून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

रिमवर आयएसआयची खूण पाहून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. म्हणून मडगार्डच्या बाहेर चाके काढण्याचा मोह टाळावा, उत्पादकाने त्या मॉडेलच्या वरच्या प्रकारात दिलेल्या मापाजवळ राहावे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा.

बसवताना नट आधी हाताने, मग एकाआड एक अशा क्रमाने टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतील मापापर्यंत आवळावेत आणि त्यानंतर अलाइनमेंट तपासावे. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावेत आणि त्याच वेळी टॉर्चने मडगार्डच्या आत पाहावे. घासल्याची चकाकी सर्वप्रथम तेथेच दिसते. गाडीचे मूळ नट फेकू नयेत. स्टेपनी बहुधा मूळ लोखंडी रिमचीच राहते आणि अलॉयच्या नटांची बैठक तिला नेहमी जुळतेच असे नाही, म्हणून ते एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवावेत.