डिसेंबरच्या विमानासाठी जळगावहून गाडी निवडताना

हनोई किंवा अल्माटीचं स्वस्त तिकीट मुंबईहून मिळतं, पण विमान चुकलं तर त्याचं भाडं सहसा परत येत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत विमान रेल्वेमुळेही चुकू शकतं: उत्तर प्रदेश, बिहारकडून भुसावळमार्गे येणाऱ्या गाड्या तिकडच्या धुक्यात अडकून तासन्‌तास उशिरा पोहोचतात.

१. गाडी कुठून सुटते ते आधी बघा. अमरावती–मुंबई एक्सप्रेस किंवा गोंदियाहून येणारी विदर्भ एक्सप्रेस घ्या. त्यांच्या वाटेत ते धुकं नाही. धुळेकरांना तर गावातूनच थेट मुंबईची गाडी आहे.

२. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. २५ डिसेंबरची गाडी हवी तर २६ ऑक्टोबरला मोबाइल हातात घेऊन बसा. नाताळात वेटिंगच्या भरवशावर राहू नका.

३. रात्रीचं विमान असेल तर आदल्या रात्रीची गाडी धरा. सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग ॲक्वा लाइनने (भुयारी मेट्रोने) थेट विमानतळाचं टर्मिनल २. टॅक्सीचे पैसे वाचतात. दोन बॅगा असतील तर मात्र गर्दीच्या वेळी हा उद्योग नको. जेवणाच्या डब्यात कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असली की रात्रीच्या विमानापर्यंतचा दिवस निघतो.

सांभाळा: विदर्भ जळगावला मध्यरात्रीच्या आसपास येते. बाराच्या पुढची वेळ असेल तर तिकिटावर पुढची तारीख लागते. इथेच गफलत होते आणि गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते.