शेअर बाजार कोसळल्यावर चलनाचा सौदा करताय? या चुका टाळा

"शेअर बाजार पडलाय, म्हणजे आता त्या देशाचं चलनही पडणार." चलन बाजारात नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे ठामपणे सांगतो आणि लगेच पैसेही लावतो. परदेशी गुंतवणूकदार शेअर विकतो, हाती आलेलं स्थानिक चलन देऊन डॉलर घेतो आणि चलन घसरतं, असा हा हिशेब. उदयोन्मुख देशांत बऱ्याचदा तो जुळतो. जपानच्या येनला तोच लावला की हात पोळतात.

5 ऑगस्ट 2024, सोमवार. जपानी शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई एका दिवसात 12.4 टक्के कोसळला. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने सकाळीच येन शॉर्ट केला, म्हणजे तो पडेल या अंदाजाने आधीच विकून ठेवला. "जपानमध्ये सगळे विकत सुटलेत, येन कोण घेणार?" असं त्याचं म्हणणं. येन मात्र वर जात राहिला. त्याने स्टॉपलॉस (ठरावीक तोट्यावर सौदा आपोआप बंद करणारा आदेश) लावला नव्हता, उलट सौदा वाढवला, आणि दुपारपर्यंत मार्जिन, म्हणजे तारण रक्कम, अपुरी पडल्याने ब्रोकरने तो बंद करून टाकला.

येन कोण घेणार, याचं उत्तर होतं: ज्यांनी तो उसना घेतला होता ते. व्याज नगण्य, म्हणून जगभरातल्या फंडांनी येनमध्ये कर्ज काढून इतरत्र शेअर आणि रोखे घेतले होते. याला कॅरी ट्रेड म्हणतात. 31 जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर 0.25 टक्क्यांवर नेला, 2 ऑगस्टला अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे कमजोर आले, आणि सगळ्यांना एकदमच कर्ज फेडायची घाई झाली. फेडायचं तर येन विकत घ्यावा लागतो. जुलैच्या सुरुवातीला डॉलरला जवळपास 162 येन मिळत होते, त्या सोमवारी 142 च्या आसपास. येन महागला की जपानी निर्यातदारांचा नफा आटतो, म्हणून निक्केई आणखी खाली.

माझी सवय एकच. सौदा टाकण्याआधी कागदावर लिहितो: विकतोय कोण, आणि विकल्यावर त्याला कोणतं चलन घ्यावं लागेल? हे लिहिता आलं नाही तर त्या दिवशी सौदा नाही. नवख्यांना एवढाही धीर नसतो, याचं खरंच वाईट वाटतं.

दुसरी चूक, आधी काय हललं हे न बघणं. 15 जानेवारी 2015 ला स्विस नॅशनल बँकेने युरो 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याची मर्यादा अचानक काढली. आधी फ्रँक उसळला, मग स्विस शेअर आपटले. 2016 च्या ब्रेक्झिट मतदानानंतर पाउंड पडला आणि लंडनच्या शेअर बाजाराचा निर्देशांक एफटीएसई 100 काही दिवसांतच सावरून वर गेला, कारण त्यातल्या कंपन्यांची बरीचशी कमाई परदेशातली.

डॉलर म्हणजे हमखास आसरा, हेही धरून चालू नका. 2008 मध्ये आणि मार्च 2020 मध्ये तो चढला. एप्रिल 2025 मध्ये आयातशुल्काच्या घोषणेनंतर मात्र अमेरिकी शेअर, सरकारी रोखे आणि डॉलर तिन्ही एकत्र घसरले. म्हणून रोख्यांचा परतावा (रोखे विकले जाऊन पडले की तो वाढतो) बघितल्याशिवाय मी डॉलरला हात लावत नाही.

कोरिलेशनचे, म्हणजे कोणत्या दोन गोष्टी किती एकत्र हलतात ते सांगणारे, तयार तक्ते तर वापरूच नका. ते शांत बाजारातल्या आकड्यांवर बेतलेले असतात, आणि घबराटीत सर्वांत आधी तेच आकडे बदलतात.