नागपूरच्या उन्हाळ्यात कारच्या टायरांची निगा
मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा समृद्धी महामार्गावर निघण्यापूर्वी टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी आणि चालकाच्या दरवाजाजवळील तक्त्यात दिलेल्या दाबाइतकी भरावी. टायर फुटण्यामागे बहुधा कमी हवा असते, कारण अशा टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक दुमडते, आतून तापते आणि सलग वेगात तिचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. म्हणूनच वाटेत तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसला, तरी हवा मुळीच काढू नये. बाजूवर फुगवटा आला असेल तर टायर बदलावाच. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी होऊ देऊ नये. स्टेपनीचीही हवा पाहावी. तिचा अनेकांना विसर पडतो.