मुंबईहून रणाकडे निघताना

मुंबईत नवीन असताना सुट्टी मिळाली की माणूस गावाला पळतो. मीही पळायचो. १९९८ साली बार्शीहून मुलुंडला आलो आणि पहिली चार वर्षं दिवाळी, मे महिना, सगळं गावाकडेच गेलं. कच्छच्या रणात जावं हे डोक्यात घातलं ते आमच्या इमारतीखालच्या किराणावाल्या कच्छी काकांनी. मुलुंड, घाटकोपर, मस्जिद बंदर इथली धान्याची कितीतरी दुकानं कच्छी माणसांची आहेत. म्हणून नव्याने आलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच: नकाशा नंतर उघडा, आधी तुमच्या गल्लीतल्या कच्छी दुकानदाराशी बोला. कुठे जेवायचं, कोणाकडे उतरायचं, यंदा रण सुकलंय का, हे त्याला घरच्या फोनवरून कळलेलं असतं.

रण सुकणं महत्त्वाचं. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, ते हळूहळू आटतं आणि मागे मीठ उरतं. मी पहिल्यांदा गेलो तो दिवाळीच्या सुट्टीत. एका टूरवाल्याने 'सगळं पांढरंशुभ्र आहे' म्हणून सांगितलं होतं. प्रत्यक्षात वर मिठाचा पापुद्रा आणि खाली काळा चिखल. मुलगी चार पावलं पुढे गेली आणि पोटरीपर्यंत रुतली. तिला बाहेर काढलं, पण तिची भीती त्या ट्रिपभर गेली नाही. तेव्हापासून मी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतच जातो, आणि लोक जिथे चालतायत तिथेच चालतो.

मुंबई ते भुज साडेआठशे-नऊशे किलोमीटर. एका दमात मारू नका. पहाटे चारला निघालात तर घोडबंदर आणि वसईची कोंडी लागायच्या आत पुढे जाता येतं. वलसाडच्या आसपास हायवेच्या कडेला थंडीत उबाडियूच्या टपऱ्या लागतात, तिथे गाडी थांबवाच. वालपापडी, कंद, रताळी, बटाटे हिरव्या वाटणात घोळून मडक्यात भरतात, तोंडाशी पाला कोंबतात आणि मडकं उलटं करून भोवती जाळ घालतात. रायगडकडच्या मंडळींना वेगळं सांगायला नको, ही पोपटीची सख्खी बहीण. मडकं फोडल्यावर जो पाल्याचा वास येतो, त्यासाठी पानात वाढेपर्यंत तिथेच उभे राहा. सोबत हिरवी चटणी आणि ताक.

सोलापूर-बार्शीकडचे असाल तर सुरतला पोंक खा. पोंक म्हणजे आपला हुरडा. ते लोक तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात, आपण लसणाच्या नाहीतर तिळाच्या चटणीबरोबर. मला आपलाच आवडतो, पण मुंबईत आल्यावर ज्याला हुरडा पारखा झालाय त्याने ही संधी सोडू नये. भरूचला खारे शेंगदाणे घ्या, पुढे रणात उपयोगी पडतात.

पहिली रात्र बडोदा किंवा अहमदाबाद. दुसऱ्या दिवशी थेट भुज न गाठता विरमगामवरून दसाडा-झैनाबादकडे वळा. हे छोटं रण, रानगाढवांचं अभयारण्य. बहुतेक लोक हे गाळतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. पहाटे जीपमधून गेलात तर पिवळट पाठीची गाढवं कळपाने पळताना दिसतात. आणि अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी माणसं, दिसतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत सोडायचं, महिनोन्‌महिने ते उन्हात आटवायचं, मीठ तयार झालं की ओढून ढीग लावायचे. वर्षातले आठेक महिने त्यांची कुटुंबं रणातच झोपडी घालून राहतात. त्यांच्या वाफ्यात पाय घालू नका. चहा दिला तर नाही म्हणू नका.

भुजला दोन रात्री तरी हव्यात. आयना महाल, प्राग महाल बघाच, पण २६ जानेवारी २००१ चा भूकंप समजून घ्यायचा असेल तर भुजिया डोंगरावरच्या स्मृतिवनात तीन तास ठेवा. अजरख, म्हणजे ठशांनी केलेली कापडावरची छपाई, पाहायची तर अजरखपूर, विणकर पाहायचे तर भुजोडी, रोगन कला, म्हणजे कापडावरची घट्ट तेलरंगाची नक्षी, पाहायची तर निरोणा. घासाघीस बेताने करा, एकेका कापडावर काही दिवस गेलेले असतात.

भुजहून पांढऱ्या रणाच्या काठचं धोरडो गाव ऐंशी किलोमीटर. पेट्रोल भुजलाच भरा. वाटेत कर्कवृत्ताची पाटी लागते, मुलांना उतरवून दाखवा. भिरंडियाराला रणात जायचा परवाना मिळतो, त्यासाठी प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ हवं. तिथलाच मावा खायचा, बन्नीच्या गवताळ पट्ट्यातल्या म्हशींच्या दुधाचा. जेवायला बाजरीचा रोटला, वर लोण्याचा गोळा, गूळ, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी, खिचडी-कढी. आपल्या भाकरीपेक्षा रोटला जाड असतो. तो तव्यावरून उतरताच खायचा, गार झाला की मजा गेली. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे मुंबईहून बाटली नेण्याचा विचारही नको.

पांढऱ्या रणात दुपारी जाऊ नका, डोळे दिपतात आणि काहीच दिसत नाही. ऊन उतरताना जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. पौर्णिमेच्या राहण्याचं बुकिंग महिना-दोन महिने आधी करावं लागतं. ते नाही जमलं तर अमावास्येकडे जा. मुंबईत वाढणाऱ्या मुलांनी इतक्या चांदण्या कधी पाहिलेल्या नसतात.

धोरडोहून काळा डुंगर गाठा, कच्छमधली सगळ्यात उंच जागा, ४६२ मीटर. वर दत्ताचं देऊळ आहे. आपल्याकडे गाणगापूर, नरसोबाची वाडी म्हणताना हात जोडले जातात, तसेच तिथेही आपोआप जोडले जातात. इथला नैवेद्य कोल्ह्यांसाठी असतो. दुपारी आणि संध्याकाळी पुजारी भाताचं पातेलं घेऊन ओट्याकडे जातो, 'लोंग, लोंग' अशी हाक घालतो आणि खालच्या झाडीतून कोल्हे वर येतात. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तगुरूंनी 'ले अंग' म्हणत आपलंच अंग देऊ केलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. शांत उभे राहिलात तरच येतात. आमच्या वेळी एकाने शिट्टी मारली आणि सगळे माघारी वळले.

खावड्याहून धोळावीराला आता रणातूनच रस्ता झालाय, दोन्ही बाजूंना नुसतं मीठ. पूर्वी भचाऊ-रापरवरून मोठा वळसा पडायचा. धोळावीरा म्हणजे हडप्पा संस्कृतीतल्या शहराचे अवशेष, २०२१ पासून जागतिक वारसा. गाईड घ्या, नाहीतर नुसते दगड दिसतील. इतक्या कोरड्या बेटावर त्या लोकांनी पावसाचं पाणी साठवायला एवढाले हौद खोदले. दुष्काळी भागातून आलेला माणूस त्या हौदाच्या कडेला उभा राहिला की लवकर हलत नाही.

शेवटचा दिवस मांडवीला द्या. दाबेली मूळची इथलीच. कच्छी काकांनी मला बजावलं होतं, 'मुंबईत खाल्लीस ती विसर आणि मग खा.' रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात, त्यांच्या पोटाखाली उभं राहून सुतारांचं काम बघता येतं. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा इथलेच. लंडनला त्यांच्या इंडिया हाऊसमध्ये सावरकर राहिले होते, त्या वास्तूची प्रतिकृती इथल्या क्रांतितीर्थ या श्यामजींच्या स्मारकात उभी आहे.

एवढं ड्रायव्हिंग झेपणार नसेल तर वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्सप्रेसने भुजला उतरा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या, त्यात काही कमीपणा नाही. आणि परतताना भुजहून अडदिया दोन डबे घ्या. उडदाच्या पिठाची आणि डिंकाची ही मिठाई थंडीतच मिळते. एक डबा घरी ठेवा, दुसरा दुकानावर नेऊन द्या.