ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर: घरच्या अंगणात

तेल-फिल्टर बदलण्याचं काम अवघड नाही. चुका होतात त्या दोनच ठिकाणी, तेल निवडताना आणि तेल मोजताना. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे ते बघून घ्या. क्लच पेडल नाही म्हणजे सगळं एकच, असं नसतं. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सवर बसवलेली यंत्रणा, तिला हे तेल लागत नाही. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, त्याचं तेल वेगळं, डबल क्लचवाल्यांचं वेगळं. मी सांगतेय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे नेणाऱ्या गिअरबॉक्सबद्दल. माझी गाडी जुनी आहे, चार गिअरची. तिला खाली बोल्टने बसवलेला पॅन, म्हणजे तेलाचं तबक आहे आणि वर डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची कांडी.

तेल गाडीच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे माहितीपुस्तिकेत लिहिलेलंच घ्यायचं. टोयोटाच्या टी-फोरच्या जागी डब्ल्यूएस नाही, ह्युंदाईच्या एसपी-थ्रीच्या जागी होंडाचं डीडब्ल्यू-वन नाही. दुकानदार म्हणतो, "बाई, हे युनिव्हर्सल, सगळ्यांना चालतं." डब्यावर आपल्या गाडीचं स्पेसिफिकेशन छापलेलं दिसलं तरच पैसे काढा. फिल्टरचंही तसंच. बऱ्याच होंडांना असा पॅनच नसतो, नुसता ड्रेन बोल्ट असतो. काही गिअरबॉक्सचा फिल्टर आतल्या पोटात असतो, तो पॅन उघडून हाती लागत नाही. आधी खात्री करा, मग पार्ट मागवा.

"याचं तेल कधीच बदलायचं नसतं," असं सांगणारेही भेटतील. म्हार्दोळ-पणजी रोजचं जाणं-येणं, बाणस्तारीपासून गाड्यांची रांग आणि अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगाव, एवढं झाल्यावर ते तेल बघितलं की हा सल्ला कोणी देणार नाही. घाटात आणि जाममध्ये तेल तापतं, आणि तेलाचं आयुष्य उष्णताच खाते. मी 60,000 किलोमीटरच्या आत बदलते. तुमच्या मॅन्युअलमध्ये त्याहून कमी दिलं असेल तर तेच धरा.

जून ते सप्टेंबर हे काम अंगणात काढू नका. आतल्या क्लच प्लेटींच्या अस्तराला पाणी चालत नाही, आणि आमच्या पावसाला आडवंतिडवं यायची खोड आहे. चतुर्थी आटोपली, जमीन सुकली की मुहूर्त. खाऱ्या हवेने पॅनचे बोल्ट गंजलेले असतात, त्यांवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. तांबड्या मातीत जॅक स्टँड रुततो, म्हणून खाली जाड फळी घाला. मागच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

तेल कोमट हवं, कढत नको. मी फर्मागुडीचा चढ चढून परत येते आणि थोडा वेळ गाडी निववते. ड्रेन बोल्ट असेल तर सुख. नसेल तर पॅनचे एका बाजूचे बोल्ट ढिले करून समोरचे शेवटपर्यंत धरून ठेवायचे, म्हणजे पॅन कलतो आणि तेल एका कोपऱ्यातून टबात पडतं. तरी थोडं कोपरापर्यंत येतंच. निघालेलं सगळं तेल लिटरच्या बाटल्यांत मोजा. पुढचं अर्धं काम या आकड्यावर आहे.

फिल्टर काढताना त्यात उरलेलं तेल अंगावर येतं, तेही मोजात धरा. फिल्टरचे बोल्ट कधी कधी लांबीला वेगवेगळे असतात. पुठ्ठ्यावर फिल्टरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर भोकातच चिकटून राहते, ती बोटाने चाचपून बघा. जुनीवर नवी बसली तर पंप हवा ओढतो आणि गाडी पिकअप घेत नाही. नव्या रिंगला नव्या तेलाचं बोट फिरवून फिल्टर वर दाबा.

आता पॅन उजेडात न्या. तळाशी लोहचुंबक असतात आणि त्यांवर राखाडी, मऊ लेप. बोटांत चोळलात आणि खर लागली नाही तर ती नेहमीची झीज. चकचकीत कपच्या, पितळी कीस किंवा काळे अस्तराचे तुकडे दिसले, तेलाला करपट वास असला आणि गाडी आधीच गिअर सोडत असली, तर नवं तेल तिला वाचवणार नाही, मेकॅनिक गाठा. माझा मुलगा टॉर्च धरून उभा असतो. नवा डबा फोडला की म्हणतो, "आई, हे तर कोकमाचं आगळ!" रंग खरोखर तसाच, लालचुटूक. जुनं तपकिरी झालेलं असतं.

पॅन आणि चुंबक ब्रेक क्लीनरने धुवा, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसा. गॅस्केटची, म्हणजे पॅनच्या कडेला गळती रोखणाऱ्या पट्टीची जागा लोखंडी पात्याने खरवडायची नाही, अॅल्युमिनियमला ओरखडा पडला की गळती कायमची. रबरी किंवा कॉर्कचं गॅस्केट कोरडंच बसतं. वर सिलिकॉन फासायची हौस नको, त्याचे लोळे सुटून फिल्टरमध्ये जातात. बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने (टॉर्कने), समोरासमोर, दोन फेऱ्यांत आवळा. साधारण 7 ते 12 न्यूटन मीटर, म्हणजे फारच हलका हात. दांडगाई केलीत तर आटे गेलेच म्हणून समजा.

निघालं तेवढंच तेल घाला. नवरा डिपस्टिकच्या नळीतून लांब नरसाळ्याने ओततो, मी खाली गळती बघते. मग ब्रेक दाबून इंजिन सुरू, पी-आर-एन-डी प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत दांडा फिरवायचा, एक चक्कर मारून तेल तापवायचं आणि गाडी सपाट जागी उभी करून पातळी बघायची. बहुतेकांत इंजिन चालू ठेवून बघतात, होंडात बंद करून लगेच. मॅन्युअल सांगेल तसं. जास्त झालं तर फेस होतो, कमी झालं तर गिअर घसरतात. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत पातळी ओव्हरफ्लो बोल्टने आणि ठरलेल्या तापमानाला बघतात, त्यासाठी गाडीच्या कॉम्प्युटरमधून तापमान वाचणारा स्कॅनर लागतो. तो नसेल तर तेवढं काम गॅरेजकडे सोपवा.

पॅन काढून सगळं तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अर्ध्याहून अधिक राहू शकतं. म्हणून एक-दोन हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेवढंच काढून तेवढंच घालते, फिल्टरला हात न लावता. मशीन लावून जोराने फ्लश करण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

जुनं तेल डब्यात बंद करून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आमच्याकडे विहीर अंगणातच असते, माडाच्या आळ्यात ओतलेलं तिच्यात उतरायला एक पाऊस पुरे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग दिसतो का ते बघा.