कानशिलं तापली की मास्क

वैमानिक व्हायचं म्हणून माझ्याकडे चौकशीला येणारी मुलं-मुली आधी चष्म्याच्या नंबराचं विचारतात, मग खर्चाचं. उंचीवर आपल्या शरीराचं काय होतं, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते.

हवाई दलात मी मालवाहू विमानांवर होते. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एअरोस्पेस मेडिसिनमध्ये आम्हाला चेंबरमध्ये बसवलं. जाड पोलादी खोली. पंप आतली हवा ओढून घेतो आणि तुम्ही जमिनीवर बसल्या बसल्या ‘वर’ जाता. आदल्या रात्री वाटाण्याची उसळ, कोबी काही खाऊ नका, असं बजावलं होतं. 18,000 फुटांवर हवेचा दाब निम्मा होतो आणि पोटातला वायू दुपटीहून जास्त फुगतो. आत गेल्यावर आधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, रक्तातला नायट्रोजन कमी व्हावा म्हणून.

25,000 फुटांवर मास्क काढायला सांगितला. हातात कागद-पेन्सिल. 100 मधून 7 वजा करत जायचं. 93, 86, 79 भराभर लिहिलं. कानशिलं गरम झाली आणि त्यानंतर फार छान वाटायला लागलं, परीक्षा संपल्यावर वाटतं तसं. डॉक्टर म्हणाले, “मास्क लावा.” मला ऐकू आलं, पण एवढी घाई कशाला, असं वाटलं. शेवटी शेजारच्याने माझा मास्क लावला. दोन-तीन श्वासांत खोलीतला उजेड एकदम वाढला. तो कमी झालाय हेच मला कळलं नव्हतं! कागद पाहिला तर 72, 65, 65, 65, अक्षर खाली घसरत गेलेलं आणि शेवटी नुसती रेघ. मी तर सगळं बरोबर लिहिलं, या खात्रीत होते.

हे मनात पक्कं धरा. ऑक्सिजन कमी पडला की जीव गुदमरेल, अशी आपली समजूत असते. पण गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे, आणि उंचीवर तो उच्छ्वासातून बाहेर पडतच असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं. कमी असतो तो दाब, त्यामुळे ऑक्सिजन फुप्फुसांतून रक्तात पुरेसा शिरत नाही. आणि धोका ओळखायचा ज्या मेंदूने, तोच आधी मंदावतो.

म्हणून प्रत्येकाने आपापली खूण ओळखून ठेवायची. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणी उगाच बडबडतं, कुणाला समोरचं नळीतून पाहिल्यासारखं दिसतं. माझी खूण कानशिलं. खूण जाणवली की विचार करत बसायचं नाही, मास्क लावायचा. 25,000 फुटांवर शुद्धीत काम करायला साधारण 3 ते 5 मिनिटं मिळतात, 35,000 वर 30 ते 60 सेकंद.

14 ऑगस्ट 2005 ला हेलिओस एअरवेजचं विमान सायप्रसहून अथेन्सला निघालं. केबिनमधला दाब सांभाळणारी कळ ‘मॅन्युअल’वर राहिली होती. भोंगा वाजला, पण तसाच आवाज दुसऱ्याही इशाऱ्याचा असल्याने वैमानिकांची गफलत झाली आणि पुढे दोघंही बेशुद्ध झाले. विमान ऑटोपायलटवर उडत राहिलं, इंधन संपल्यावर कोसळलं. 121 माणसं गेली. आपल्याकडे 2018 मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या विमानात दाबासाठीची हवा सोडणारा स्विच चालू करायचा राहिला. प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. विमान परत फिरलं, म्हणून निभावलं. चेकलिस्ट वाचताना ही दोन्ही विमानं आठवा.

बारामती-गोंदियात शिकताना तुमचं छोटं विमान एवढं वर जाणार नाही. पण 10,000 फुटांखाली काहीच होत नाही, हेही खरं नाही. रात्रीची नजर 5,000 फुटांपासूनच कमी होऊ लागते. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, म्हणजे तो जमिनीवर असतानाच थोडा ‘वर’ असतो. मुलींनो, मेडिकलची तारीख घेण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्त कमी असेल तर ऑक्सिजन वाहून न्यायला माणसंच कमी, असं समजा.

सर्दी असेल तर उड्डाण नको म्हणून सरळ सांगा. चढताना कान मोकळे होतात, उतरताना अडकतात. कानाचा पडदा फाटला तर महिनाभर घरी बसावं लागू शकतं. तास बुडेल म्हणून मीही एकदा नाक चोंदलेलं असताना उडाले होते. उतरताना कपाळात सुरी फिरल्यासारखी कळ आली आणि शेवटचे दोन हजार फूट मला समोरचं नीट वाचता येईना.

आणि सुट्टीत तारकर्लीला स्कूबा केलंत, तर त्याच दिवशी विमानात बसू नका. पाण्याखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन सांध्यांत, कधी मेंदूतही अडकतो. निदान 24 तास जाऊ द्या. घाईच असेल तर सिंधुदुर्गहून रेल्वेने या.