पहिली फ्लाय बांधताना

फ्लाय-फिशिंग, म्हणजे गळावर पिसे-दोरा बांधून केलेल्या नकली आमिषाने (‘फ्लाय’ने) मासे पकडणे, शिकू इच्छिणाऱ्याने पहिली फ्लाय म्हणून ‘वूली बगर’ बांधावी, असे माझे ठाम मत आहे. कारण ती आकाराने मोठी असल्यामुळे नवख्या बोटांना झेपते आणि पाण्यात ट्राउटला (थंड पाण्यातल्या माशाला) जळू किंवा लहान मासा वाटते.

8 किंवा 10 क्रमांकाचा, लांब दांड्याचा गळ व्हाइसमध्ये (गळ धरून ठेवणाऱ्या पकडीत) घट्ट बसवून दांड्यावर दोऱ्याचे सलग वेढे घ्यावेत. मागच्या टोकाला माराबू नावाच्या मऊ पिसांची, दांड्याइतकीच लांब शेपूट बांधावी. तिथेच कोंबड्याचे लांब पीस आणि शनील (मखमली जाड धागा) अडकवून आधी शनील पुढे गुंडाळत न्यावे व त्यावरून पिसाचे पाच-सहा विरळ वेढे द्यावेत. गळाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या छिद्रामागे) सुमारे दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावीच. ती भरली, तर शेवटची गाठ मारायला जागा उरत नाही आणि सगळी मेहनत उसवावी लागते.

फेक, म्हणजे काठीने दोरी दूर टाकणे, मात्र मैदानावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून शिकावी. इथे फेकीला लागणारे वजन फ्लायचे नसून दोरीचे असते. म्हणून काठी मागे नेल्यावर दोरी पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबावे लागते, आणि हा क्षणभराचा संयमच सर्वांत उशिरा अंगी येतो.

आपल्या देशात हिमाचलातील तीर्थन नदीत ब्राउन ट्राउट मिळतो. तिथे जाण्यापूर्वी मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा, हिवाळ्यातील बंदीचा काळ पाळावा आणि मासा परत सोडताना हात आधी ओले करावेत.